कोठडीतल्या शेजाऱ्याची साक्ष

आरोपीच्या भावाने साक्षीदाराला पाच हजार रुपये दिले तर तो गुन्हा. भाऊ आत, साक्षीदारही आत. पण सरकार पक्षाने तुरुंगातल्या एखाद्याला म्हटलं, "आमच्या बाजूने बोल, तुझ्या शिक्षेचं आम्ही बघतो," तर तो पुरावा! पाच हजारांची लाच आणि पाच वर्षांची सुटका यात मोठी लाच कुठली, हे जेलमध्ये एक रात्र काढलेला कोणीही सांगेल.

हा प्रकार अमेरिकेत सर्रास चालतो. खुनाच्या आरोपीला कोठडीत ठेवायचं. काही दिवसांनी बाजूच्या कोठडीतला माणूस कोर्टात येऊन शपथेवर सांगतो, "साहेब, याने माझ्याकडे सगळं कबूल केलं." ना रेकॉर्डिंग, ना तिसरा माणूस, ना कागद. आणि ज्युरीत बसलेले बारा साधे लोक विचार करतात की हा उगाच कशाला खोटं बोलेल?

कशाला बोलेल, ते टेक्सासमध्ये बघा. कॉर्सिकाना नावाच्या गावात 23 डिसेंबर 1991 ला कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागली. त्याच्या तीन मुली गेल्या. एक दोन वर्षांची, दोन जुळ्या एक वर्षाच्या. बाप वाचला म्हणून बापावर संशय. आगीचे तपासनीस म्हणाले, जमिनीवरचे डाग आणि काचेचे तडे बघता आग मुद्दाम लावलेली आहे. आणि जोडीला लुटीच्या गुन्ह्यात आत असलेला एक व्यसनी कैदी उभा राहिला. म्हणे, दारातल्या जेवण सरकवायच्या फटीतून बोलताना विलिंगहॅमने त्याला सांगितलं की बायकोने एका मुलीला इजा केली होती, ती लपवायला त्याने आग लावली. आता गंमत (गंमत कसली!) अशी की मुलींच्या अंगावर अशी कुठलीही इजा सापडली नव्हती. म्हणजे कबुलीजबाबातलं कारणच हवेत. तरी चाललं.

"तुला काही कबूल केलंय का?" असं कोर्टात विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला. खटल्यानंतर मात्र त्याची शिक्षा हलकी व्हावी म्हणून सरकारी वकिलाने खटपट केल्याची कागदपत्रं पुढे आली. 2000 मध्ये त्या कैद्याने हाताने अर्ज लिहून साक्ष मागे घेतली. हा अर्ज विलिंगहॅमच्या वकिलांपर्यंत पोचवला गेला नाही. पुढे त्याने ती माघारही मागे घेतली आणि 2014 मध्ये पुन्हा पत्रकारांना सांगितलं की आपण खोटं बोललो. तोवर आगीचं ते 'शास्त्र'ही तज्ज्ञांनी मोडीत काढलं होतं. पण 17 फेब्रुवारी 2004 ला विलिंगहॅमला इंजेक्शन देऊन झालं होतं. खटल्याआधी त्याला गुन्हा कबूल कर, जन्मठेपेवर भागवू, असं सांगितलं होतं. त्याने नकार दिला होता.

त्या सरकारी वकिलावर पुढे शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि 2017 मध्ये ज्युरीने त्याला त्यातून मोकळं केलं. हेही सांगायला पाहिजे.

कोणी म्हणेल, जे आरोपीलाच माहीत असणार ते या कैद्याला कसं कळलं? याचं उत्तर लेस्ली व्हाइट नावाच्या सराईत खबऱ्याने 1988 मध्ये लॉस एंजेलिसच्या जेलमध्ये अधिकाऱ्यांसमोरच करून दाखवलं. त्याने जेलमधला फोन उचलला, स्वतःला पोलीस, सरकारी कार्यालयातला माणूस असं सांगत ठिकठिकाणी फोन लावले आणि कधीही न भेटलेल्या आरोपीच्या खुनाचा तपशील गोळा केला. झाला कबुलीजबाब तयार! त्यानंतर ग्रँड ज्युरी बसली, 1990 ला अहवाल आला, लाज निघाली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या केंद्राने नंतर मृत्युदंडातून निर्दोष सुटलेल्यांची 111 प्रकरणं तपासली. त्यातल्या 51 मध्ये खबऱ्यांची साक्ष होती. जवळपास निम्मी!

"मग खुनी सुटू द्यायचे का?" हा प्रश्न येणारच. उलट आहे हो. कॅलिफोर्नियात सील बीचच्या सलूनमध्ये 2011 ला आठ माणसं मारणाऱ्याचा गुन्हा उघड होता, त्याने स्वतः कबूलही केला होता. तरी पोलिसांनी शेजारच्या कोठडीतल्या खबऱ्याचा खेळ केला. तो उघडा पडल्यावर न्यायाधीशांनी जिल्ह्याच्या सरकारी वकिलांचं अख्खं कार्यालय त्या केसमधून काढलं आणि 2017 मध्ये मृत्युदंडाचा पर्यायच बाद केला. पक्की केस होती, खबऱ्यामुळे नासली.

आता आपल्याकडे. पोलिसांसमोरची कबुली आपल्या कायद्यात पुरावा नाही, हे इंग्रजांच्या काळापासून. पण त्याच सौद्याचं आपलं रूप आहे माफीचा साक्षीदार. जोशी-अभ्यंकर खटल्यापासून पुण्यात हा शब्द घरोघरी माहीत आहे. गाजलेल्या प्रकरणात एक आरोपी फुटला की चॅनेलवाले 'केस पक्की' म्हणून ओरडतात. पक्की कुठली? तो माणूस जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत आतच राहतो. ठरल्याप्रमाणे बोलला तर माफी, फिरला तर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा मानगुटीवर. असा माणूस कोणाला जे हवंय ते बोलणार नाही? म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच, सरवन सिंग प्रकरणात, सांगून ठेवलं की आधी हा साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का ते बघा, आणि मग त्याच्या बोलण्याला स्वतंत्र पुष्टी आहे का ते बघा. चॅनेलवर या दोन्ही पायऱ्या गाळल्या जातात, आणि आपण आरोपीला चहाच्या टपरीवर फाशी देऊन मोकळे.

सौदा करायचाच असेल तर तो कागदावर करा. काय देणार, कधी देणार, हा गडी आधी किती प्रकरणांत असाच बोलला, हे सगळं साक्षीआधी आरोपीच्या वकिलाच्या हातात द्या. संभाषण रेकॉर्ड नसेल तर जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात ते घेऊच नका. टेक्सासने 2017 मध्ये जेलमधल्या अशा साक्षीदारांची नोंद ठेवणं सरकारी वकिलांना सक्तीचं केलं. विलिंगहॅमला जाऊन तोवर तेरा वर्षं झाली होती.