राबणाऱ्या जमिनीला ‘पडीक’ कोण म्हणतो?

नवी मुंबईच्या नियोजनकारांच्या कोशात ‘पडीक’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. जिच्यावर इमारत नाही ती जमीन पडीक! १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर सार्वजनिक हिताच्या नावाने संपादनाचा नांगर फिरला. रास्त मोबदला मागणाऱ्या पाच आंदोलकांना जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी हौतात्म्य आले. आज सानपाडा ते बेलापूर किनाऱ्यावर उरलेल्या पाणथळीकडेही त्याच नजरेने पाहिले जाते.

वस्तुतः ही जमीन अहोरात्र राबते. उथळ तळ्यात सांडपाणी उन्हाखाली संथ राहिले की शेवाळ प्राणवायू निर्माण करते. त्यावर जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करतात. सुटलेले नत्र व स्फुरद पुन्हा शेवाळ आणि पाणवनस्पती शोषून घेतात. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळीत मच्छीमार व शेतकऱ्यांनी शहराचा मैला घेतला आणि शहराला मासळी व भाजीपाला दिला. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने हे श्रमिकांचे शास्त्र जगापुढे मांडले. २००२ साली त्या प्रदेशाची रामसर यादीत नोंद झाली.

सानपाड्यात महापालिकेचे मलप्रक्रिया केंद्र आहे. यंत्राला विरोध नाही. पण यंत्रातून निघालेले पाणी खाडीत सोडण्यापूर्वी वनस्पतींच्या वाफ्यांतून का फिरवू नये? ‘जागा कोठून आणायची?’ असा प्रतिप्रश्न होईल. आलिशान मनोऱ्यांसाठी सापडणारी जागा पाण्यासाठीच कशी संपते?

मात्र निसर्गाच्या नावाखाली कारखानदारांना मोकळीक मिळता कामा नये. जड धातू शेवाळ पचवीत नाही; ते चिखलात आणि पुढे मासळीत साठतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक विष कारखान्याच्या दारातच रोखले पाहिजे. खारफुटी म्हणजे मैल्याचा खड्डा नव्हे, हेही तितकेच ठणकावून सांगितले पाहिजे.

२०१८ साली उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील घाला ठरविला. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत आली. परंतु कागदाने पाणी शुद्ध होत नाही. प्रत्येक धारण तलावाची व पाणथळीची हद्द जाहीर व्हावी, आणि खाडीत पडणाऱ्या पाण्याची तपासणी कोळी व आगरी बांधवांसमक्ष व्हावी, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत गेले पाहिजे. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्यांच्या जाळ्यात शहराची घाण पडावी, हा कसला विकास?