आधी वही, मग वायर

शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की आमच्याकडे पालकांचा एकच प्रश्न येतो, "भाऊ, तयार प्रोजेक्ट स्वस्तात कुठे मिळेल?" विचारणाऱ्यांत कोणी कारखान्यात राबणारा असतो, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी माउली असते. आपले लेकरू मागे पडू नये ही त्यांची तळमळ खरी आहे. पण वाचकहो, विकत आणलेला प्रकल्प टेबलावर चमकतो आणि परीक्षकाने "हा दिवा का पेटला?" असे विचारले की आपले लेकरू खाली मान घालते. पैसे तर गेलेच, वर ते मनात ठरवून टाकते, की हे काही आपले काम नव्हे. हे दुसरे नुकसान फार मोठे आहे.

म्हणून या वेळी आम्ही एका प्रकल्पाचा पुरता हिशेब मांडत आहोत. एकच अंक कधी लाल, कधी हिरवा, कधी निळा दाखवणारा बहुरंगी डिस्प्ले आर्डुइनो नावाच्या बोर्डाला कसा जोडायचा, हा आजचा विषय. विषय इंजिनिअरचा वाटेल. आम्ही तर कॉमर्सवाले, आमचे आयुष्य खतावणीत गेले. पण रविवारच्या अभ्यासवर्गात मुलांसोबत बसून हे जोडताना दिसले, की यातले निम्मे काम जमाखर्चाचेच आहे.

हा आकडा आपण रोज पाहतो. लिफ्टमधला मजला, रिक्षाचे मीटर, दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, सिग्नलवर उरलेले सेकंद. नीट पाहिले तर प्रत्येक अंक सात लहान पट्ट्यांचा बनलेला असतो. आठ काढायला सातही पट्ट्या पेटतात, एक काढायला दोनच. शेजारी एक टिंब असते. पट्ट्यांना ए पासून जी पर्यंत नावे आहेत. वरची आडवी ए, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत एफपर्यंत यायचे आणि मधली आडवी जी. या पट्ट्यांत आकडा इंग्रजी वळणाचाच उमटतो, आपला देवनागरी आकडा त्यात नीट बसत नाही.

प्रत्येक पट्टीमागे एलईडी म्हणजे छोटा दिवा असतो. बहुरंगी डिस्प्लेत प्रत्येक पट्टीमागे तीन दिवे असतात, लाल, हिरवा आणि निळा. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ साली बनवला. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना फार दमवले. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो साध्य केला आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा आला म्हणून आज एकाच पट्टीत सर्व रंग दाखवता येतात.

आता वही उघडा. सात पट्ट्या आणि एक टिंब मिळून आठ. प्रत्येकी तीन दिवे, म्हणजे २४. बाजारात सहज मिळणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावर डिजिटल पिना १४ आणि अॅनालॉग पिना ६, एकूण २०. दिवे २४ आणि पिना २०. चारची तूट आली. शिवाय त्यातल्या दोन पिना संगणकाशी बोलण्यासाठी लागतात. म्हणजे थेट जोडणी जमणारच नाही. हे वायर हातात घेण्याआधी वहीतच कळले ना?

दुसरे खाते विजेचे. हा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला सुमारे ३. उरलेले व्होल्ट कोणीतरी सोसावे लागतात, नाहीतर दिवा जळतो. हे सोसणारा भाग म्हणजे रेझिस्टर. त्याचा हिशेब असा: उरलेल्या व्होल्टला आपल्याला हव्या असलेल्या प्रवाहाने भागायचे. आपण दिव्यामागे ६ मिलिअँपिअर, म्हणजे ०.००६ अँपिअर, एवढाच प्रवाह धरू. लालसाठी ३ भागिले ०.००६, उत्तर ५००. बाजारात त्याच्या जवळचा ४७० ओहमचा रेझिस्टर मिळतो. हिरव्या-निळ्यासाठी २ भागिले ०.००६, उत्तर ३३३. जवळचा ३३० ओहमचा. अपूर्णांकांचा भागाकार येणाऱ्या मुलाला एवढे जमते.

इथे हुशार मुले विचारतात, "काका, २४ रेझिस्टर कशाला? सामाईक वायरीवर एकच लावू." प्रश्न चांगला आहे. पण चाळीत सगळ्यांना मिळून एकच नळ असला की काय होते? दोन हंडे लागले तर धार जोरात, सात लागले तर करंगळीएवढी. तसेच एका रेझिस्टरवर एकचा आकडा झगझगीत आणि आठचा आकडा मलूल दिसेल. त्यात लाल दिवा कमी व्होल्टवर पेटणारा, तो आधी सगळे पाणी ओढून घेईल आणि हिरवा-निळा कोरडे राहतील. म्हणून प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतंत्र रेझिस्टर.

पिनांची तूट भरून काढते ७४ एचसी ५९५ नावाची चिप. तिला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. ती बोर्डाकडून एकामागून एक निरोप घेते आणि आठ वाटांनी एकदम वाटते. तीन चिपांच्या २४ वाटा झाल्या, हिशेब जुळला. बोर्डाच्या मात्र तीनच पिना खर्ची पडतात. एका चिपमधून मिळून ७० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देऊ नये. आपले आठ लाल दिवे साधारण ५१ घेतात, हिरवे आणि निळे प्रत्येकी ४८. मर्यादेच्या आत आहोत. दिव्यामागे १० धरले असते तर ८० झाले असते! ६ चा आकडा आम्ही उगाच धरलेला नव्हता.

आता जोडणी. ज्या डिस्प्लेत सर्व दिव्यांची धन बाजू एकत्र असते त्याला कॉमन अॅनोड म्हणतात, आपण तोच घेतला आहे. घेताना दुकानदाराकडून त्याच्या पायांचा तक्ता मागून घ्या, कारण प्रत्येक बनावटीचे पाय वेगळे असतात. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक सामाईक पायाला आणि काळे टोक बाकीच्या पायांना लावत गेले, की कोणता दिवा कुठे आहे ते दिसते. निळा मंद दिसेल, कदाचित दिसणारही नाही. तेवढ्यावरून तो खराब समजू नका.

सामाईक पाय बोर्डाच्या ५ व्होल्टला थेट जोडा. पहिली चिप लाल दिव्यांना, दुसरी हिरव्यांना, तिसरी निळ्यांना द्या. चिपच्या खाचेला वर धरून डावीकडून खाली आणि उजवीकडून वर असे पाय मोजायचे. पाय १६ आणि १० यांना ५ व्होल्ट, पाय ८ आणि १३ ग्राउंडला. पाय १५ वरून ए पट्टी, पाय १ वरून बी, असे करत पाय ६ वर जी आणि ७ वर टिंब, मध्ये प्रत्येकी एक रेझिस्टर. पाय ११ क्लॉक आणि १२ लॅच, हे दोन्ही तिन्ही चिपांत सामाईक. पहिल्या चिपच्या पाय १४ ला बोर्डाकडून डेटाची वायर येते. पहिलीचा पाय ९ दुसरीच्या १४ ला, दुसरीचा ९ तिसरीच्या १४ ला. हातात हात धरून साखळी झाली.

प्रोग्राम लिहिताना एक गोष्ट उलटी आहे. कॉमन अॅनोडमध्ये शून्य पाठवले की दिवा पेटतो आणि एक पाठवला की विझतो. सातचा आकडा काढायला ए, बी, सी पेटवायच्या, म्हणजे टिंबापासून ए कडे लिहीत आल्यावर ११११ १०००. दशमानात २४८. पूर्ण अंधारासाठी २५५. आर्डुइनोच्या भाषेत शिफ्टआऊट हा तयार आदेश आहे. मोठा बिट आधी, हा पर्याय निवडा. लॅच खाली करा, आधी निळ्याचा, मग हिरव्याचा, शेवटी लालचा आकडा पाठवा, लॅच वर करा. जो आधी जातो तो साखळीत शेवटपर्यंत ढकलला जातो, म्हणून हा उलटा क्रम. तिन्हींत फक्त लालला २४८ आणि इतरांना २५५ दिले की लाल सात. लाल व हिरवा दोघांना २४८ दिले की पिवळा सात. तिघांना दिले की पांढरा. तीन दिव्यांतून असे सात रंग निघतात.

याचा उपयोग काय? आपल्या वस्तीतील वक्तृत्व स्पर्धा आठवा. घंटा वाजली तरी वक्ता थांबत नाही. टेबलावर हा डिस्प्ले ठेवा आणि नऊपासून उलटी मिनिटे मोजू द्या. नऊ ते सहा हिरवा, पाच ते तीन पिवळा, दोनपासून लाल. काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतः ओळखता येत नाही. रंगासोबत आकडा असल्याने त्यांचीही सोय होते. मुलांनी केलेली वस्तू मुलांच्याच स्पर्धेत वापरली गेली, तर तिचे मोल विकतच्या प्रकल्पाहून कितीतरी अधिक आहे.

पालकांना आमचे काही सांगणे आहे. घरच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये यातली एकही वायर घालू देऊ नका. बोर्डाला वीज यूएसबीतून, संगणकावरून किंवा मोबाइलच्या चांगल्या ५ व्होल्ट चार्जरवरून द्या. वायरी बदलताना ती काढून ठेवायची, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. ब्रेडबोर्डवर जोडणी केली तर डाग द्यायची गरज नाही आणि सगळे भाग सोडवून पुढच्या प्रकल्पाला वापरता येतात. एका मुलाने बोर्ड विकत घेण्याऐवजी चार घरांनी मिळून एक घ्यावा.

आणि मुलींना "तू फक्त तक्ता रंगव" असे सांगू नका. आमच्या वर्गात २४ रेझिस्टरांची यादी सर्वांत चोख केली ती नववीतल्या एका मुलीने. तिची आई टेलरिंगचे काम करते. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे ती मुलगी घरातच शिकली होती.

मुख्य मुद्दा इथेच आहे. खिशात पैसे असलेल्या घरात एक डिस्प्ले जळाला तर दुसरा येतो, आणि त्यालाच प्रयोग म्हणतात. आपल्या घरात डिस्प्ले जळाला तर बाप म्हणतो, "पुरे झाले आता हे धंदे." बापाचे चुकते असे नाही, त्याचा तो अर्ध्या दिवसाचा घाम असतो. म्हणून आपल्या मुलांना वहीची शिस्त जास्त हवी. दिवे किती, पिना किती, व्होल्ट किती, प्रवाह किती, हे चार रकाने भरा, बेरीज जुळवा आणि मगच वायर जोडा. कागदावरची चूक खोडरबराने पुसली जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हे सर्व भाग सुटे मिळतात. जाताना मुलाला किंवा मुलीला सोबत न्या आणि यादी त्यांच्याच हातात द्या. दुकानदाराशी त्यांनाच बोलू द्या. परीक्षकासमोर बोलण्याची तयारी तिथूनच सुरू होते.