पाठ घट्ट हवी!

मैत्रिणींनो, "ते परवा येतो म्हणालेत" या एका वाक्यावर घरातलं मोडकं काम किती दिवस पडून राहू शकतं? आमच्या मुदखेडात ते पाच आठवडे पडून होतं.

झालं असं, की आमच्या बचत गटाने वर्गणी काढून मुलींच्या वाचनासाठी पुस्तकांचं कपाट आणलं. खोक्यात सुट्या फळ्या, घरी आणून जोडायचं, त्यातलं. दुकानाचा माणूस घाईघाईत जोडून गेला. तीन महिन्यांत त्याची पाठीमागची पातळ फळी खालून सुटली आणि पुस्तकं मागे पडायला लागली. आम्ही काय केलं? कपाट भिंतीकडे सरकवलं. दिसत नाही ना, मग झालं तर!

एका दुपारी चौथीतली एक पोर खालच्या खणावर पाय देऊन वर चढली आणि कपाट एका अंगाला कलंडलं. शेजारी बसलेल्या मावशींनी हात घातला म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ही भीती उगाच नाही बरं का. असं सुटं फर्निचर जगभर पोचवणाऱ्या आयकिया या स्वीडिश कंपनीने २०१८ मध्ये हैदराबादला भारतातलं पहिलं दुकान उघडलं. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेत तिला सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली होती. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. आमचं कपाट त्या कंपनीचं नव्हे, पण कपाट कलंडायला कंपनीचं नाव लागत नाही.

आपल्याला वाटतं, पाठीची फळी म्हणजे धूळ अडवायला लावलेला पडदा. तसं नाही. काडेपेटीतला आतला खण काढून घ्या आणि बाहेरचं कवच बोटाने दाबा. लगेच तिरकं होऊन चपटं होतं. खण परत घाला, मग दाबून बघा! कपाटाचंही तसंच. चारही कोपरे काटकोनात धरून ठेवते ती ही पातळ फळीच. ती सुटली की सगळा भार कोपऱ्यांतल्या चार-सहा स्क्रूंवर येतो.

शेवटी मीच म्हटलं, आपणच करू. एक आजी म्हणाल्या, "उगं कशाला बाई, गडीमाणसाचं काम हाय ते." पण गोधडी मात्र त्यांनीच अंथरली. पुस्तकं काढून कपाट तिच्यावर पालथं घातलं. टेपने एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग दुसरी तिरकी जोडी. दोन्ही मापं सारखी आली की कपाट काटकोनात. आमच्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला. ज्या बाजूचं माप जास्त, तिचे दोन कोपरे आत दाबले, तेव्हा जुळलं. ही पायरी चुकवली तर वाकडं कपाट वाकडंच पक्कं होतं.

जुन्या चुका उपटून टाकल्या. भुशाच्या बोर्डात एकदा सैल झालेल्या भोकात तीच चूक परत ठोकली तर धरत नाही. म्हणून जुन्या भोकांच्या मधे, फळीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर दाभणाने टोचून घेतलं आणि दर सहा इंचांवर पाऊण इंची बारीक स्क्रू वॉशर घालून बसवले. मधल्या पक्क्या फळीलाही तीन लावले. जोर लावून फार आवळायचं नाही, बोर्ड भुगा होतो. शेवटी वरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून कपाट भिंतीला बांधलं. भिंतीला भोक पाडायला शेजारच्या वायरमनदादांची मशीन आणली, चालवली मात्र आम्ही. सगळं मिळून दीड तास!

दीड तासाच्या कामासाठी आपण पाच आठवडे कुणाची वाट पाहत होतो? आपण गोधड्या शिवतो, कुकरची रिंग बदलतो, गिरणीचा पट्टा सुटला तर चढवतो. मग पेचकसाशीच काय वैर? हात कमी नाहीत आपले, लहानपणी कुणी तो हातात दिलाच नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे अनेक शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आणि मुली बरोबरीने शेती, वीज, स्वयंपाक, लोखंड-लाकडाची कामं हाताने करून शिकतात. मुलगी शिकतेय हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या शाळेत हातोडीही शिकवा, असं पालकसभेत कधी म्हणतो का? यंदा म्हणून बघा.

आणि शाळेचं होईल तेव्हा होईल, घरी आजच सुरुवात करता येते. पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात आम्ही आता एक डबा ठेवलाय. पेचकस, पक्कड, दाभण, टेप आणि थोडे स्क्रू. वहीत नाव लिहून न्यायचं, आठ दिवसांत परत आणायचं. पुस्तकासारखंच. पहिलं नाव त्या आजींचं आहे. त्यांच्या देवघराचं दार सैल झालं होतं म्हणे!