तारांकित क्वार्टरबॅक आणि गहाण टाकलेला उद्या

१/ अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वर्षी हिवाळा सरता सरता एक वाद पेटतो. एखादा नामांकित क्वार्टरबॅक आपल्या संघावर नाराज असल्याची वार्ता येते आणि ज्या शहरांच्या संघाला त्या जागी चांगला माणूस मिळालेला नाही, तिथल्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वाटेल ते द्या, पण त्याला आणा. दुसरा म्हणतो, एका खांबासाठी घर विकू नका. आजच्या धाग्यात या वादाचा गेल्या सुमारे साठ वर्षांचा इतिहास पाहू.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. अशा सौद्याची किंमत जो ठरवतो, तो ती फेडण्याच्या वेळी बहुधा तिथे नसतो. तिथे असतो तो चाहता. म्हणून चाहत्याने या वादात ताऱ्याची वकिली करण्याऐवजी भविष्याची वकिली करावी. ताऱ्याचा पक्ष मांडणारे पुष्कळ असतात. पाच वर्षांनंतरच्या संघाची बाजू घेणारे फार थोडे.

३/ हा खेळ ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू असतात. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरून चाल करून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंकडे लक्ष ठेवून, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. संघ बत्तीस आणि हे काम उत्तम करणारी माणसे मोजकी. या टंचाईतूनच वादाचा जन्म होतो.

४/ आता चलन समजून घेऊ. या लीगमध्ये नवे खेळाडू आयपीएलसारख्या लिलावातून येत नाहीत. १९३६ पासून तिथे ‘ड्राफ्ट’ची पद्धत आहे. महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची संघ क्रमाने निवड करतात आणि सामान्यतः आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिला मान मिळतो. आज अशा सात फेऱ्या होतात. निवडीचे हे हक्क दुसऱ्या संघाला देता येतात, पुढच्या वर्षांचेसुद्धा.

५/ म्हणजे तारांकित क्वार्टरबॅकच्या बदल्यात संघ जे देतो, ते बव्हंशी अजून कोणी न पाहिलेले खेळाडू असतात. इथेच मनाची फसगत होते. तारा डोळ्यांसमोर असतो. त्याचे पास, त्याचे विजय आठवत असतात. दिलेल्या निवडहक्काला मात्र चेहरा नसतो. बिनचेहऱ्याची वस्तू देताना हात सैल सुटतो.

६/ पहिले उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या लहानशा शहराचे. ऑक्टोबर १९७४. पॅकर्स संघाचे प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांच्याकडे खेळाडूंच्या सौद्यांचाही अधिकार होता. क्वार्टरबॅकच्या शोधात असलेल्या डिव्हाइन यांनी लॉस एंजेलिस रॅम्सकडून जॉन हॅडल याला घेतले. बदल्यात पाच निवडहक्क दिले: १९७५ मधील पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे आणि १९७६ मधील पहिल्या व दुसऱ्या फेरीचे.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने निर्णयाची परीक्षा केवळ निकालावरून करू नये. त्या दिवशी काय ठाऊक होते, हे विचारावे. ठाऊक असलेल्या गोष्टी अशा: आदल्याच वर्षी हॅडलने दिमाखदार खेळ केला होता. पण त्याचे वय ३४ होते आणि रॅम्सने त्याला बाजूला सारून जेम्स हॅरिसकडे सूत्रे सोपवली होती. वस्तूचे गुणदोष विकणाऱ्याला सर्वांत अधिक ठाऊक असतात, ही साधी बाब त्या दिवशीही ध्यानात येण्याजोगी होती.

८/ पुढे काय झाले? १९७५ च्या हंगामात हॅडलचे ६ पास टचडाउनसाठी झेलले गेले आणि २१ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. १४ पैकी १० सामने संघ हरला. १९७६ मध्ये पॅकर्सनी नव्या क्वार्टरबॅकसाठी हॅडललाच ह्यूस्टनला देऊन टाकले आणि त्या सौद्यातही सोबत आणखी निवडहक्क मोजावे लागले. रॅम्सनी मात्र १९७९ पर्यंत दर वर्षी आपल्या गटात पहिले स्थान राखले.

९/ आणि डिव्हाइन? सौद्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, ते नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाकडे गेले. त्यांच्या जागी आला बार्ट स्टार, साठच्या दशकात ग्रीन बेला पाच अजिंक्यपदे मिळवून देणारा त्या शहराचा लाडका क्वार्टरबॅक. ज्या भांडारातून संघ उभारायचा, ते त्याच्या हाती आले तेव्हा रिते झालेले होते. त्याच्या नऊ हंगामांत पॅकर्स प्लेऑफमध्ये पोहोचले ते एकदाच, १९८२ मध्ये. सगळा दोष एका सौद्याचा नव्हता. पण आरंभ तिथून झाला.

१०/ ग्रीन बेचा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. १९२३ पासून तो भागधारकांचा आहे. भागांवर लाभांश मिळत नाही, केवळ आपलेपणा मिळतो. बहुतेक शहरांत चाहता लक्षणेने मालक असतो. इथे तो कागदोपत्रीही आहे. प्रशिक्षक आले आणि गेले. कर्ज फेडले ते या मालकांनी, एकेका पराभूत रविवारी.

११/ यावरून कोणी म्हणेल, तारा कधीच घेऊ नये. इतिहास तसे सांगत नाही. फ्रॅन टार्केंटनचे उदाहरण पाहा. हा एकच खेळाडू दोनदा सौद्यात गेला आणि दोन्ही वेळा फळ निरनिराळे मिळाले. माणूस तोच, घर वेगळे. इतकी स्वच्छ तुलना इतिहासात क्वचित सापडते.

१२/ १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने टार्केंटनला न्यू यॉर्क जायंट्सकडे पाठवले. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन निवडहक्क घेतले. जायंट्सचा संघ इतरत्र दुबळा होता. टार्केंटन पाच हंगाम जिवाचे रान करून खेळला, पण संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. इकडे मिळालेल्या एका हक्कावर मिनेसोटाने १९६८ मध्ये रॉन यारी हा आक्रमक फळीचा खेळाडू निवडला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. टार्केंटनवाचूनच व्हायकिंग्ज जानेवारी १९७० मध्ये सुपर बोलमध्ये उतरले.

१३/ १९७२ मध्ये मिनेसोटाने टार्केंटनला परत आणले, तीन खेळाडू आणि दोन निवडहक्क देऊन. या वेळी घर बांधून तयार होते. बचावफळी लीगमधील सर्वोत्तमांत गणली जात होती. उणीव होती ती नेमकी क्वार्टरबॅकची. त्यानंतर १९७३, १९७४ आणि १९७६ अशा तीन हंगामांत संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. तिन्ही वेळा हरला, हेही खरे. तरी न्यू यॉर्कमधील पाच वर्षांशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

१४/ अलीकडचे यशस्वी उदाहरण मॅथ्यू स्टॅफर्डचे. डेट्रॉइट लायन्समध्ये बारा हंगाम खेळून त्याला प्लेऑफमधील एकही विजय लाभला नव्हता. २०२१ मध्ये रॅम्सने आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक निवडहक्क देऊन त्याला घेतले. रॅम्सकडे ॲरन डोनाल्डसारखा बचावपटू होता, कूपर कपसारखा पास झेलणारा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी सिनसिनाटीला २३–२० असे हरवून सुपर बोल जिंकला.

१५/ या कथेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. आपला तारा देऊन टाकणाऱ्या डेट्रॉइटने निवडहक्कांच्या बळावर संघ नव्याने उभारला. जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफच्या सामन्यात स्टॅफर्ड रॅम्सच्या पोशाखात डेट्रॉइटला आला, तेव्हा प्रेक्षक ‘टाकून दिलेल्या’ गॉफच्या नावाचा गजर करत होते. लायन्स २४–२३ असे जिंकले. ३२ वर्षांतील तो त्यांचा प्लेऑफमधील पहिला विजय. सौदा दोघांनाही फळला, कारण दोघांनाही आपापल्या घराची अवस्था ठाऊक होती.

१६/ या यशाने मोहित होणे स्वाभाविक होते. मार्च २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉंकोजने सिॲटलच्या रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक निवडहक्क आणि तीन खेळाडू दिले. शिवाय एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी २४.५ कोटी डॉलरचा नवा करार केला. पहिल्या हंगामात डेन्व्हर १७ पैकी १२ सामने हरले. सिॲटल मात्र त्याच वर्षी प्लेऑफमध्ये गेले.

१७/ दोन वर्षांत विल्सनला मुक्त करावे लागले. १९९४ पासून या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. त्यामुळे निघून गेलेल्या खेळाडूची करारातील बाकीही त्या मर्यादेत धरली जाते. डेन्व्हरच्या माथी ही बाकी सुमारे ८.५ कोटी डॉलरची आली. हॅडलच्या काळी केवळ निवडहक्क जात. आता त्यासोबत इतर खेळाडूंना द्यायचा पैसाही अडकून पडतो. चूक जुनीच, तिचा दंड मात्र वाढला आहे.

१८/ त्याच महिन्यात क्लीव्हलंड ब्राउन्सने डिशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले आणि २३ कोटी डॉलरचा पूर्णतः हमी असलेला करार केला. त्या वेळी वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारींवरून त्याच्यावर दिवाणी दावे दाखल केले होते. त्याने आरोप नाकारले. फौजदारी खटला उभा राहिला नाही. लीगने पुढे त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाख डॉलरचा दंड केला.

१९/ इथे प्रश्न खेळाच्या हिशेबापुरता राहत नाही. त्या शहरात वर्षानुवर्षे संघाचा झेंडा मिरवणाऱ्या अनेक चाहत्यांना, विशेषतः स्त्रियांना, तो झेंडा आता हाती धरावा का, असा पेच पडला. मैदानावरही अपेक्षित यश आले नाही. पण ते आले असते, तरी माझे मत बदलले नसते. संघ जी किंमत मोजतो, तिच्यात चाहत्याची सदसद्विवेकबुद्धीही धरली पाहिजे. ती देऊन टाकण्याचा अधिकार व्यवस्थापकाला कोणी दिला?

२०/ आता विरोधी पक्षाचे सर्वांत सबळ म्हणणे ऐकू. ‘ड्राफ्टही जुगारच आहे!’ हे खरे आहे. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. २०२४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांपैकी चौघे आपल्या पहिल्या संघात उरले नव्हते. त्यांच्यातील ट्रे लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने वरचे स्थान मिळवताना पहिल्या फेरीचे तीन हक्क खर्ची घातले होते.

२१/ परंतु त्याच सॅन फ्रान्सिस्कोचे पुढे काय झाले ते पाहा. २०२२ च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटची, २६२ वी निवड असलेल्या ब्रॉक पर्डीच्या हाती चेंडू देऊन हा संघ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल खेळला. बाकीचे घर भक्कम असल्याने एवढी मोठी चूकही पचली. घर पोकळ असते, तर तीच चूक संघाला दशकभर भोवली असती. विरोधकांचा पुरावा अखेर घराच्याच बाजूने साक्ष देतो.

२२/ पुन्हा एकदा ग्रीन बे. १९९२ मध्ये नवे महाव्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी पहिल्या फेरीचा एक हक्क देऊन अटलांटाचा एक राखीव क्वार्टरबॅक घेतला. आदल्या हंगामात त्याने चार पास फेकले होते. सहकाऱ्यांनी एकही झेलला नाही, प्रतिस्पर्ध्यांनी दोन झेलले. त्याचे नाव ब्रेट फार्व्ह. १९९५ ते १९९७ सलग तीन वर्षे तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि जानेवारी १९९७ मध्ये सुपर बोल ग्रीन बेला आला.

२३/ वुल्फ यांनी पुढे घडणारा खेळ विकत घेतला. डिव्हाइन यांनी घडून गेलेला. पुढे याच ग्रीन बेने २००८ मध्ये उतारवयातील फार्व्हला आणि २०२३ मध्ये ॲरन रॉजर्सला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवले. रॉजर्स पहिल्या सामन्यात अवघे चार डाव खेळून जायबंदी झाला आणि त्या हंगामात पुन्हा उतरला नाही. दुखापत हे दुर्दैव खरे; पण ३९ वर्षांच्या माणसावर आशा टांगताना ते गृहीत धरावेच लागते. १९७४ मध्ये पोळलेले शहर आता विकणाऱ्याच्या बाजूला उभे होते.

२४/ म्हणून पुढच्या वेळी असा वाद रंगला की चाहत्याने तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस काल काय होता ते राहू द्या. तीन वर्षांनी काय असेल? आपल्या संघात केवळ हीच जागा रिकामी आहे, की छपरापासून पायापर्यंत सगळेच बांधायचे आहे? आणि सही करणाऱ्याला या वर्षी नोकरी वाचवायची आहे, की फेडीच्या वर्षीही तो इथे असणार आहे?

२५/ तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर दोन निवडहक्क देऊन स्टॅफर्ड आणावा. कंजूषपणाने अजिंक्यपदे मिळत नाहीत. एकाही उत्तराशी मन अडखळले, तर थांबावे. दुबळ्या संघाच्या चाहत्याला थांबा म्हणणे क्रूर वाटते, हे मी जाणतो. पण डेट्रॉइटच्या चाहत्यांनी ३२ वर्षे वाट पाहिली, आणि त्यांची प्रतीक्षा संपली ती तारा देऊन टाकल्यावर.

२६/ धागा इथे संपवतो. तुमच्या माहितीतील कोणता सौदा या तीन प्रश्नांवर उतरतो आणि कोणता फसतो, ते खाली अवश्य लिहा. केवळ निकाल लिहू नका. सौद्याच्या दिवशी काय ठाऊक होते, तेही लिहा. (समाप्त)