भिंतीवरचा घाव आणि जिवाणूचा डीएनए



पेनिसिलिन वर्गातली औषधे जिवाणूची फक्त भिंत मोडतात, डीएनएशी त्यांचा संबंध नाही, म्हणून अर्धवट डोसाची भीती फुकाची, हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे निम्मेच खरे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून बनू लागलेले पेनिसिलिन भिंत विणणाऱ्या प्रथिनांनाच जखडते, हे बरोबर. पण 2004 साली ई. कोलाय जिवाणूवरच्या प्रयोगांत वेगळेच दिसले: विभाजनाच्या जागी भिंत विणणारे प्रथिन अडले, की डीएनएची नक्कल खोळंबते आणि ‘एसओएस’ ही आपत्कालीन दुरुस्तीयंत्रणा जागी होते. पेशी दुभंगायची थांबते, दोऱ्यासारखी लांबते आणि औषधाचा मारा थोडाच वेळ असेल तर तगते. ही दुरुस्ती घाईची असते. तिच्यात चुका राहतात आणि त्यातली एखादी जिवाणूला प्रतिकारशक्ती देऊन जाऊ शकते.

अशी औषधे ऑक्सिजनचे विखारी रेणू निर्माण करून डीएनए तोडतात, या 2007 च्या सिद्धांताला 2013 मध्ये प्रयोगांनीच आव्हान दिले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वरचा मार्ग त्या सिद्धांतावर उभा नाही. प्रयोगशाळेतले गोठ्यात कशाला, असेही कोणी म्हणेल. आमच्या घोडेगाव परिसरात गाईला कासदाह झाला, की सडात सोडायच्या ट्यूबमध्ये बहुधा याच वर्गातले औषध असते. दुधातल्या गाठी ओसरल्या म्हणून पुढची ट्यूब टाळली, तर उरलेल्या जिवाणूंना असाच अपुरा मारा बसतो.

– एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)