प्रयोगशाळेच्या दाराशी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आलेली कमला भागवत नावाची विद्यार्थिनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करते आणि तो नामंजूर होतो. गुण कमी पडले होते असे नव्हे. अर्जदार स्त्री आहे एवढेच कारण होते, आणि ते देणारे संचालक होते साक्षात सर चंद्रशेखर वेंकट रामन. कमलाबाई बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाब विचारला. अखेर एक वर्ष उमेदवारी करावी, काम पसंत पडले तरच प्रवेश पक्का समजावा, अशा अपमानास्पद अटीवर त्यांना आत घेण्यात आले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीची, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनींची, कथा मराठी वाचकांना जिद्दीची कथा म्हणून परिचित आहे, आणि ती तशी आहेही.

परंतु या कथेचा एक भाग सहसा कोणी सांगत नाही. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही याच संस्थेचे विद्यार्थी. अशी संस्था आहे, तेथे अमुक प्रकारचे काम चालते, तेथे अर्ज करावयाचा असतो, हे त्या घराला ठाऊक होते. यात कमलाबाईंच्या धैर्याला कमीपणा येत नाही. मात्र ज्या दाराशी जाऊन भांडावयाचे ते दार कोठे आहे हे आधी माहीत असावे लागते, एवढे त्यावरून दिसते.

आज जीवशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या मुलीला, किंवा दलित-आदिवासी मुलाला, कोणताही संचालक तोंडावर नकार देणार नाही. नियमांची भाषा सौजन्याची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत मागास प्रवर्गांना पात्रतेच्या गुणांत पाच टक्के सवलत आहे, स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आहे, २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. या गोष्टी चळवळींनी मिळवलेल्या आहेत आणि त्यांची किंमत कमी लेखू नये. तरीही नकार घडतोच. फक्त तो आता कोणी देत नाही, त्यामुळे जाब विचारावयाचा कोणाला, हाच प्रश्न पडतो.

पैशाचेच पाहा. जीवविज्ञानातील संशोधनाचा राजमार्ग म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. तिच्यात वरच्या क्रमांकात आलेल्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली. त्यापूर्वी ३१,००० होती, आणि तो आकडादेखील २०१९ साली देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन मिळवला होता. २०२४ पासून या परीक्षेतून उमेदवारांचे तीन वर्ग पाडले जातात. पहिल्यास शिष्यवृत्ती आणि अध्यापनाची पात्रता, दुसऱ्यास शिष्यवृत्तीवाचून पात्रता व पीएच.डी.साठी गुण, तिसऱ्यास केवळ पीएच.डी.साठी गुण. शेवटच्या दोघांचे हे गुण प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरले जातात. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. तो येथे पुन्हा सुरू झालेला दिसतो.

शिष्यवृत्तीवाचून प्रवेश म्हणजे काय, हे विषयागणिक वेगवेगळे असते. अर्थशास्त्राचा किंवा मराठीचा विद्यार्थी दिवसा शिकवण्या करून रात्री ग्रंथालयात बसू शकतो. ओढाताण होते, पण प्रबंध पुरा होतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे शक्य नाही. काचपात्रात वाढवलेल्या पेशींना वेळच्या वेळी नवे पोषकद्रव्य द्यावे लागते, त्या रविवार पाळत नाहीत. उंदरांची पिढी वाढण्यास जे आठवडे लागतात ते लागतातच. पाच-सहा वर्षे पूर्णवेळ देणे हीच या विद्येची पहिली अट आहे. तेव्हा शिष्यवृत्ती नसलेला प्रवेश ज्याच्या घरी पाच-सहा वर्षे पोसण्याची ऐपत आहे त्यालाच उपयोगी पडतो. इतरांच्या हाती राहते ते एक प्रमाणपत्र. २०१५ साली आयोगाने नेट-बाह्य संशोधकांची दरमहा ८,००० रुपयांची तुटपुंजी मदतही बंद करण्याचे ठरवले होते; दिल्लीत विद्यार्थी आयोगाच्या दारात ठिय्या देऊन बसले तो प्रसंग याच संदर्भातला. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही ती महिनोन्महिने हाती न येणे ही तर नित्याची तक्रार. गवंड्याची मजुरी इतके महिने थकली असती तर काम बंद पडले असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे कसे पाहिले जाते? २०२३ च्या डिसेंबरात विधिमंडळात सारथीच्या शिष्यवृत्तींचा विषय निघाला असता, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न केला. उद्गारावर टीका झाली, विषय मागे पडला; परंतु त्यामागची वृत्ती एकाच नेत्याची किंवा एकाच पक्षाची आहे असे मानणे भोळेपणाचे होईल.

पैशाखालोखाल अनुभवाचा अडसर. लेखी परीक्षेतून तरलेला विद्यार्थी पुण्याच्या वा बंगळूरच्या नामांकित संस्थेत मुलाखतीस जातो, तेव्हा त्याला पाठांतर विचारले जात नाही. तुम्ही स्वतः कोणता प्रयोग केला, तो का फसला, पुढे काय केले, असे विचारतात. प्रश्न योग्यच आहेत. पण ज्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके वहीत उतरवून पूर्ण होतात, जेथे डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग फळ्यावर होतो, तेथल्या मुलाने फसलेला प्रयोग आणावयाचा कोठून? तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनाची संधी देतात. तिच्याविषयी सांगणारा प्राध्यापक महाविद्यालयात असेल तर ती कळते. आणि प्राध्यापक म्हणजे कोण, तर तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसलेला तरुण. शिफारसपत्र मागावयाचे तेही त्याच्याचकडे.

भाषेची गोष्ट आणखी सोपी, म्हणून अधिक दुर्लक्षित. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. मुलाखत बहुधा इंग्रजीत. मराठीतून किंवा गोंडीतून विचार करणाऱ्यास दोन परक्या भाषांतून एक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे! विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, सवलत दिली तर दर्जा घसरेल, असा युक्तिवाद यावर केला जातो. शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात हे मान्य. ते लिहिण्यास विद्यार्थी दोन-तीन वर्षांत शिकतोही. पण मुलाखतीत पारखावयाची ती तर्काची झेप. फळमाशीला इंग्रजी येत नाही, तरी तिच्यावाचून आनुवंशविज्ञान उभे राहिले नसते.

सुखवस्तू घरांसाठी परदेशाचा मार्ग आहे. अमेरिकेतील जीवविज्ञानाचे बहुतेक पीएच.डी. कार्यक्रम शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन देतात, आणि २०१८ नंतर त्यांतील अनेकांनी जीआरई परीक्षेची सक्तीही सोडली. परंतु एकेका विद्यापीठाचे अर्जशुल्कच कित्येक हजार रुपयांच्या घरात जाते, आणि अर्ज आठ-दहा ठिकाणी करावे लागतात. त्या आश्रयाचाही भरवसा उरलेला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये संघराज्य सरकारच्या संशोधन-निधीच्या अनिश्चिततेमुळे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने देऊ केलेले पीएच.डी. प्रवेश मागे घेतले.

एवढे सगळे काही मोजक्या जागांसाठी कशाला, असे कार्यकर्त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. उसाच्या भावाचा, रोजगार हमीचा प्रश्न समोर असताना पीएच.डी.चा अर्ज क्षुल्लक दिसतो. पण पुन्हा कमलाबाईंकडेच पाहावे. केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी काम केले ते डाळींतील प्रथिनांवर, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरेचा काय उपयोग होतो यावर. प्रयोगशाळेत कोण शिरते यावर तेथे कोणता प्रश्न विचारला जाईल हे पुष्कळसे अवलंबून असते. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलने मुले खंगतात, शेतमजूर सर्पदंशाने मरतात. या रोगांवर काम करणारे निष्ठावान शास्त्रज्ञ आहेत. पण सिकलसेलची वेदना स्वतःच्या घरात पाहिलेली मुलगी त्या प्रयोगशाळेत जाऊन बसली, तर तिची वही वेगळ्या पानापासून सुरू होईल.

विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेलेल्या सदस्यांनी यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. संलग्न महाविद्यालयांत जीवशास्त्राची किती प्रात्यक्षिके प्रत्यक्षात झाली, ती घेणारे पूर्णवेळ अध्यापक किती, पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्यांपैकी तालुक्याच्या गावांतून आलेले किती आणि त्यांतले आत गेलेले किती, हे चार आकडे प्रत्येक अधिवेशनात लेखी मागता येतील. मराठीत मुलाखत देण्याची मुभा आणि मुलाखतीस येण्याजाण्याचे भाडे, या दोन गोष्टी विद्यापीठ स्वतःच्या अखत्यारीत, स्वतःच्या निधीतून देऊ शकते. गडचिरोलीहून पुण्याला जाऊन परत येण्यात मजुराच्या घरची आठवड्याची कमाई संपते, आणि मुलाखत वीस मिनिटांत आटोपते.