आकडे कोणाच्या हाती?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकणारी अमेरिकेची केट डग्लस ही संख्याशास्त्र शिकलेली. व्हर्जिनिया विद्यापीठात गणितज्ञ केन ओनो यांनी (रामानुजनांच्या गणिताचे हे गाढे अभ्यासक!) तिच्यासारख्या जलतरणपटूंच्या अंगावर छोटासा त्वरणमापक बसवून सेकंदाला शेकडो नोंदी घेतल्या. प्रशिक्षकाच्या घड्याळाला लागलेला वेळ तेवढा कळतो. वेग नेमका कोठे मोडला, हे ही नोंद सांगते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर हातापायांच्या प्रत्येक आवर्तनात वेग चढतो आणि पडतो.

यंत्राच्या उपयुक्ततेविषयी म्हणूनच वाद नाही. वाद आहे तो आकड्यांच्या मालकीचा. डग्लस त्या अभ्यासावरील निबंधाची सहलेखिका आहे. स्वतःचा आलेख ती स्वतः वाचते. परंतु तेरा वर्षांच्या मुलीच्या कमरेला उपकरण बांधावयाचे आणि आलेख मात्र प्रशिक्षक व पालक यांनीच पाहावयाचा, याला शिक्षण म्हणता येणार नाही. ती पाळत झाली. दमछाक कोणती आणि भीती कोणती, हे त्वरणमापकाला उमगत नाही. आपल्या तरणतलावांवर ही उपकरणे आणणाऱ्यांनी आलेख प्रथम मुलीच्या हाती द्यावा, पाण्यात तिला काय जाणवले ते विचारावे, आणि मगच प्रशिक्षकाने बोलावे.